पिवळा गूळ, काळा गूळ आणि फाटलेला चहा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून एक किलोची पिवळीधमक ढेप आणली, दुसऱ्या दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून जवळजवळ दुप्पट भावाची काळपट ढेप आणली. पिवळ्या गुळाचा चहा छान झाला, काळ्याचा फाटला. त्यामुळे घरात एक जण म्हणतो काळा भेसळीचा, दुसरा म्हणतो पिवळ्यात केमिकल आहे. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओप्रमाणे दोन्ही पाण्यात टाकून पाहिले, तर दोन्हींत तळाला काहीतरी बसलं. आता खरा कुठला?

रंगावरून एकालाही दोषी ठरवता येत नाही आणि शुद्धही म्हणता येत नाही. चहा फाटणं हा तर गुळाविरुद्धचा पुरावा नाहीच. उलट ज्या गुळाचा चहा कधीच, कुठल्याही दुधात, कितीही उकळला तरी फाटत नाही, त्या गुळाकडे मी जास्त संशयाने बघेन. कारण पुढे येईलच, पण आधी रंगाचं बघू, कारण सगळा बाजार रंगावर चालतो.

रस चरकातून पडतो तेव्हा तो करडा-हिरवट असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत आणखी काळवंडतो. कापलेलं वांगं काळं पडतं त्यातलाच हा प्रकार. उसाच्या सालीत आणि वाढ्याकडच्या, म्हणजे शेंड्याकडच्या, कांड्यांत फिनॉल जातीची द्रव्यं असतात, हवेतला ऑक्सिजन मिळाला की उसातलीच विकरं (एन्झाइम) त्यांना तपकिरी करतात. त्यात चरकाच्या लोखंडाचा अंश आला की रंग आणखी गडद होतो. हिरडा आणि लोखंड यांची पूर्वी शाई करत, तीच ही रसायनक्रिया. म्हणून वाढं पुरेसं न छाटता ऊस घातला, किंवा सकाळी गाळलेला रस दुपारपर्यंत टाकीत ठेवला, तर गूळ काळाच होणार. त्यात कसलं सेंद्रियपण आलं?

दुसरा रंग काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, तयार होतो. रसातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची अमिनो आम्लांशी उष्णतेत गाठ पडली की तांबूस-तपकिरी रंग आणि तो खरपूस वास येतो. भाकरीला डाग पडतात, कांदा लाल होतो, ती हीच क्रिया. शेतात युरिया उशिरापर्यंत आणि सढळ हाताने पडला असेल तर रसात अमिनो आम्लं जास्त, म्हणजे रंग जास्त. तिसरा रंग सरळ करपण्याचा. शेवटच्या अर्ध्या तासात पाक दाट झाल्यावर काहिलीच्या तळाला फावडं फिरलं नाही की तिथला थर जळतो आणि सगळ्या आधणाला, म्हणजे त्या एका खेपेच्या पाकाला, कडवट झाक येते.

चौथं कारण चुना. नव्वद टक्के गैरसमज त्याच्याभोवतीच आहेत.

ताज्या रसाचा सामू (पीएच, सातच्या खाली म्हणजे आंबट) साधारण ५.२ ते ५.४ असतो, म्हणजे रस आंबटच. तो तसाच उकळत ठेवला तर आम्ल आणि उष्णता मिळून सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, फुटते आणि तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे असा गूळ मऊ, चिकट राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो. म्हणून गुळव्या (गूळ करणारा कारागीर) चुन्याची निवळी घालून सामू ५.८ ते ६ च्या आसपास आणतो. निवळीनं आणखी एक काम होतं: रसातली प्रथिनं, मेण आणि बारीक माती यांच्या गाठी बनून वर येतात. भेंडीची हिरवी झाडं ठेचून पाण्यात चोळून काढलेला चिकट रस या गाठींना जाळ्यासारखा धरतो, आणि रस उकळीला येण्याआधी, सुमारे ८५ अंशांच्या आसपास, काळी मळी जाड सायीसारखी वर जमते. ती झाऱ्यानं काढायची वेळ तीच. एकदा रस खळखळून उकळायला लागला की मळी फुटून पुन्हा रसात मिसळते, मग कितीही भेंडी घाला, उपयोग नाही. फेस फारच चढला तर थोडं गोडं तेल किंवा एरंडेल शिंपडतात. तेलाचा पातळ पडदा बुडबुड्यांची कातडी फोडतो. ही भेसळ नव्हे.

चुना कमी पडला की गूळ मऊ. जास्त पडला, सामू सातच्या वर गेला, की ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत तुटून गडद लाल-काळा रंग देतात आणि जिभेला चुणचुण लागते. म्हणजे तुमची ती महागडी काळी ढेप ‘केमिकल न घातलेली’ असू शकते, तशीच चुना जास्त झालेली, करपलेली, शिळ्या रसाची किंवा गेल्या वर्षीचा उरलेला गूळ पुन्हा वितळवून घातलेलीही असू शकते. रंग एकच, कारणं पाच.

पिवळ्याचंही तसंच. पिवळा रंग तीन प्रामाणिक मार्गांनी येतो. एक, ऊस पक्का आणि ताजा, तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळलेला. तोडलेल्या उसात सुक्रोज फुटायला लगेच सुरुवात होते, आणि दोन-तीन दिवस बांधावर पडलेल्या उसाचा गूळ कुणाच्या बापाला घट्ट होत नाही. दोन, मळी वेळेवर काढलेली. तीन, वाफ्यात, म्हणजे पाक ओतून थंड करतात त्या उथळ जागेत, घोटण्याची पद्धत. हा तिसरा मुद्दा बहुतेकांना पटत नाही, पण घरी करून बघण्यासारखा आहे. पाक वाफ्यात ओतल्यावर थंड होताना जितका जास्त घोटाल तितके दाणे बारीक पडतात आणि हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. बारीक दाणे आणि बुडबुडे प्रकाश विखुरतात, म्हणून गूळ फिका दिसतो. काचेचा तुकडा पारदर्शक आणि तीच काच कुटली की पांढरी दिसते ना, तसंच. एकाच आधणातला अर्धा पाक कमी घोटला आणि अर्धा जास्त, तर दोन ढेपी दोन रंगांच्या दिसतील. दोन्ही पाण्यात विरघळवल्या की रंग सारखाच! म्हणून दोन गुळांची तुलना करायची तर ढेपी शेजारी ठेवून नाही, दोघांचे २०-२० ग्रॅम समान पाण्यात विरघळवून करायची.

अप्रामाणिक मार्ग म्हणजे हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ही पांढरी पावडर उकळत्या रसात टाकली की रंगद्रव्यातला ऑक्सिजनचा हिशोब उलटा फिरतो आणि काळपट पाक डोळ्यांदेखत पिवळा होतो. यातला विरोधाभास असा की रंगद्रव्य कुठेही जात नाही, फक्त बिनरंगी होतं. ढेप हवेत राहिली की काही आठवड्यांत ते पुन्हा रंगीत व्हायला लागतं, आणि हे बाहेरून आत होतं. म्हणून महिनाभर उघड्यावर असलेली ढेप फोडल्यावर बाहेर जाड तपकिरी साल आणि आत लख्ख पिवळा गाभा दिसला तर शंका घ्यावी. नुसती शंका, कारण साधा गूळही ओल लागून वरून काळवंडतो. फरक एवढाच की तिथे सीमा धूसर असते आणि काळवंडलेला भाग ओलसर लागतो. हायड्रॉसच्या गुळाला कोमट पाण्यात विरघळवून लगेच नाकाजवळ नेलं तर विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा गंधकाचा वास कधी कधी येतो. नाही आला म्हणून सुटका नाही. गंधकाच्या अवशेषाची मोजणी प्रयोगशाळेतच होते आणि त्याला कायद्यानं मर्यादा घातलेली आहे.

आता तुमच्या पाण्याच्या ग्लासाकडे. व्हिडिओ म्हणतो, तळाला काही बसलं की खडूची भेसळ. तळाला काय बसतं ते नीट बघा. चिपाडाचे तंतू, मळीचे करडे कण, थोडी माती आणि कॅल्शियमचे क्षार हे सगळं काहिलीत केलेल्या गुळात थोडंफार असतंच. गूळ म्हणजे कारखान्यात स्वच्छ केलेली साखर नव्हे. परीक्षा करायचीच असेल तर अशी करा. २० ग्रॅम गूळ किसून १०० मिलिलिटर कोमट पाण्यात काचेच्या उभ्या ग्लासात पूर्ण विरघळवा, पंधरा मिनिटं हलवू नका. तळाला हलका, करडा-तपकिरी, ढवळला की तरंगणारा गाळ असेल तर तो मळी-चिपाडाचा. गुळव्या आळशी होता, लबाड नव्हता. पांढरा, जड, पटकन बसणारा थर असेल तर वरचं पाणी हळूच ओतून टाका आणि गाळावर लिंबाचे चार थेंब पिळा. फसफसलं तर तो खडू किंवा चुनखडीचा प्रकार.

इथे एक चूक नेहमी होते. लोक लिंबू थेट गुळाच्या खड्यावर पिळतात आणि बुडबुडे दिसले की ओरडतात. खड्यात अडकलेली हवा पाणी शिरल्यावर बाहेर पडतेच. म्हणून शेजारी दुसऱ्या खड्यावर साधं पाणी टाका. दोन्हीकडे सारखेच बुडबुडे असतील तर ती हवा. लिंबाच्या बाजूला बारीक फेस येऊन काही सेकंद टिकला, तर गुळात सोडा किंवा खडू असण्याची शक्यता आहे.

पिवळ्या रंगासाठी मेटॅनिल यलो घातल्याचा व्हिडिओही फिरतो. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून किरमिजी रंग आला की रंगाची भेसळ, असं दाखवतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ती परीक्षा बरोबर आहे आणि तो रंग कुठल्याच खाद्यपदार्थात चालत नाही. पण बाथरूम धुण्याचं आम्ल स्वयंपाकघरात आणून ही परीक्षा करू नका. त्या आम्लात लोह आणि इतर अशुद्धी असल्यानं निष्कर्षही भरवशाचा निघत नाही.

मग सोड्याचा आणि चहाचा संबंध काय? दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.७. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्या सामूला बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. थंड दुधात आम्ल घालत गेलं तर सामू ४.६ च्या जवळ आल्यावर ते गोठतं, म्हणजेच दही. पण दूध उकळतं असेल तर एवढं खाली जावं लागत नाही. सामू सहाच्या थोडा वर असतानाच ते दगा देतं. गूळ मुळात आंबटसर, सामू पाच आणि सहाच्या मध्ये, शिवाय त्यात कॅल्शियमचे क्षार. कॅल्शियम केसीनच्या गोळ्यांना एकमेकांना चिकटवतं. म्हणजे उकळता चहा, आंबटसर गूळ, कॅल्शियम आणि सकाळचं उरलेलं दूध हे चार एकत्र आले की चहा फाटणं हे चांगल्या गुळाचं स्वाभाविक वागणं आहे. सोडा किंवा जास्त चुना पडलेला गूळ अल्कलीकडे झुकलेला असतो, तो दुधाचा सामू खाली ओढतच नाही, म्हणून त्याचा चहा फाटत नाही. तुमच्या घरातल्या वादात पिवळ्याच्या बाजूनं दिलेला पुरावा असा त्याच्याच अंगावर येतो. अर्थात दोन ढेपींच्या दोन चहांवरून निकाल देऊ नये. दूध एकाच पिशवीतलं होतं का, आलं कुणी कधी टाकलं, हेही विचारावं लागेल.

हो, आलं. गुळाच्या माथी मारलेल्या निम्म्या फाटलेल्या चहांचा खरा गुन्हेगार आलं असतं. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर आहे. किसलेलं आलं दुधात टाकून मंद आचेवर तापवलं तर दूध गुळाशिवायही गोठतं. चीनच्या दक्षिण भागात याच गुणावर आलं-दुधाचं एक पक्वान्न करतात. हे विकर उकळत्या पाण्यात निकामी होतं. तेव्हा क्रम महत्त्वाचा.

दोन कप चहासाठी: पाणी २०० मिलिलिटर, आलं ठेचून आधी पाण्यात टाकायचं आणि खळखळून दोन-तीन मिनिटं उकळायचं. मग दोन चहाचे चमचे पावडर, आणखी एक मिनिट. दूध १५० मिलिलिटर, ताजं, वेगळ्या भांड्यात गरम करून घालायचं आणि एक उकळी आली की गॅस बंद. आता मिनिटभर थांबा, चहाची खळखळ पूर्ण बसू द्या. मग २० ग्रॅम किसलेला गूळ घालून ढवळा आणि लगेच गाळा. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. खडा न टाकता किस का? खडा विरघळायला वेळ लागतो आणि त्याच्याभोवती आंबट, दाट पाकाचा थर तयार होतो, दूध तिथेच आधी फाटतं. चहा पुन्हा गरम करावा लागत असेल, टपरीवर लागतोच, तर पाण्यात गूळ विरघळवून त्याचा पाक वेगळा ठेवावा आणि कपात ओतताना घालावा. चिमूटभर खायचा सोडा घालून चहा वाचवता येतो, पण त्यानं रंग लाल-काळा होतो आणि साबणासारखी चव मागे राहते. ते न केलेलं बरं.

आंबटपणाचा हाच गुण पुरणात दुसऱ्या अंगानं दिसतो. हरभऱ्याची डाळ अर्धवट शिजलेली असताना गूळ घातला की मग दोन तास शिजवा, डाळ कणीदारच राहते. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन गुळातल्या आम्लानं आणि कॅल्शियमनं घट्ट होतं, वरून साखर पाणी ओढून घेते. डाळ बोटानं चिरडली की पीठ झाली पाहिजे, मगच गूळ.

परत गुळाकडे, कारण खरेदीच्या वेळी काय बघायचं हे अजून राहिलं. त्यासाठी काहिलीतले शेवटचे क्षण समजून घ्यावे लागतात. हजार लिटर रसाचं आधण धरा. रस पक्क्या उसाचा, वीस टक्के विद्राव्य घटकांचा, तर त्यातून दोनशे किलोच्या आसपास गूळ निघतो. उरलेलं जवळजवळ सगळं पाणी, ते वाफ होऊन जातं. त्यासाठी जाळ त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांचा. पाणी कमी होत जातं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो, म्हणून तापमान म्हणजेच दाटपणा. १०५-१०६ अंशांना काढला तर पातळ काकवी, ११८ च्या आसपास घट्ट गूळ, १२०-१२२ ला पावडरीचा गूळ. हे आकडे समुद्रसपाटीचे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे नुसतं पाणीच साधारण ९८ अंशांना उकळतं. पुस्तकातला ११८ चा आकडा पाळत बसलात तर इथे दोन अंश जास्त भाजलेला, करपट झाक असलेला गूळ मिळेल. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरायचा, तो जो आकडा दाखवेल त्यात अठरा मिळवायचे. जुन्या गुळव्याला हे गणित लागत नाही. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काठावर आपटतो. गोळी थबकन बसली तर अजून वेळ आहे, टण्ण वाजली की काहील उतरवायची. पुढे उशीर झाला तर अर्ध्या मिनिटातही आधण हातचं जातं.

या सगळ्याच्या खुणा ढेपीत उरतात. दुकानात ढेपीचा बाहेरचा रंग न बघता ताजा फोडलेला भाग बघा. एकसारखे चमकणारे बारीक-मध्यम दाणे, मध्ये ओलसर डाग नाहीत, फोडताना कोरडा आवाज आणि कडा टोकदार, म्हणजे पाक बरोबर वेळेला उतरला होता. नखानं दाबलं की खड्डा पडून तसाच राहत असेल तर पाणी किंवा फुटलेली साखर जास्त. जिभेवर ठेवल्यावर आधी गोड, मग मातकट-खरपूस चव यावी. शेवटी कडू लागलं तर करपला आहे, चुणचुण लागली तर चुना, आंबूस लागलं तर शिळा रस किंवा साठवणीत आंबलेला. खारट चवीला दोन कारणं असतात: सोडा, किंवा क्षारपड जमिनीचा ऊस. शिरोळ भागात अशा जमिनी बऱ्याच आहेत, तिथल्या काही गुळात खारटपणा जमिनीतून येतो, त्याला भेसळ म्हणू नका, पण तो गूळ पावसाळ्यात टिकणार नाही हे धरून चाला.

रसात साखर ओतून केलेला गूळ हा वेगळाच प्रकार. साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की हे होतं. असा गूळ फिका, दगडासारखा टणक, मोठे चकचकीत दाणे आणि चवीला नुसता गोड, मागे काहीच उरत नाही. मात्र घरी हे सिद्ध करता येत नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते, त्यामुळे कुठलीही ग्लासातली परीक्षा दोघांत फरक करणार नाही. प्रयोगशाळेत राख मोजतात, कारण साखरेत क्षार जवळजवळ नसतात. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार, सुकं वजन धरून, गुळात एकूण साखर किमान ९० टक्के आणि सुक्रोज किमान ६० टक्के असावी लागते, घट्ट गुळात पाणी १० टक्क्यांहून जास्त चालत नाही.

हे ९० टक्के लक्षात ठेवले की मधुमेहात साखरेऐवजी गूळ चालतो का, हा प्रश्न उरत नाही: चालत नाही. दहा ग्रॅम साखरेऐवजी दहा ग्रॅम गूळ घेतला तर साखर साडेआठ-नऊ ग्रॅम पोटात गेली. औषधाच्या हिशोबात हा फरक नगण्य. काळ्या गुळाचीही तीच गोष्ट. गुळानं लोह मिळतं हे खरं आहे, काहिलीचं लोखंडही त्यात थोडी भर घालतं, पण मात्रा बघा. शंभर ग्रॅम गुळात पाच मिलिग्रॅम लोह धरलं तर दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम. बाईला रोज लागतं २९ मिलिग्रॅम. गुळानं ते भरून काढायला गेलं तर आधी वजन वाढेल. शेंगदाणे, हिरव्या पालेभाज्या, नाचणी आणि वर लिंबू यांचा आधार घ्यावा आणि गूळ चवीसाठी खावा. धुळीत काम केल्यावर गुळाचा खडा चघळला की छाती साफ होते, असंही सांगतात. खडा अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेत. तो खडा मास्कची जागा घेत नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि इथल्या पेठेचा नावलौकिक तर शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीपासूनचा. पण मानांकन हे मूळ गावाची ग्वाही आहे, त्या एका आधणात हायड्रॉस पडलं नव्हतं याची नाही. खात्री हवी तर हंगामात, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, करवीर, पन्हाळा, कागल कुठल्याही बाजूच्या चालू गुऱ्हाळावर जाऊन समोरचा गूळ घ्यावा. ऊस तेव्हा पक्का असतो. गुऱ्हाळघरात तीन गोष्टी बघा: काहिलीजवळ भेंडीच्या झाडांचे तुकडे आहेत की नुसतेच पावडरीचे डबे, मळीचा ढीग किती मोठा आहे, आणि उसाची मोळी आजची आहे की परवाची. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचा पहिला गूळ भावाला चढा असतो, पण ऊस अजून कोवळा असल्यानं त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त, तो साठवणीचा गूळ नव्हे. वर्षाचा भरायचा असेल तर जानेवारीत घ्या. उसाची जात विचारल्यावर कोसी ६७१ किंवा को ९२००५ असं उत्तर आलं तर चांगलं.

साठवण. इथल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की उघडा गूळ पंधरा दिवसांत पाझरतो. एक किलोच्या ढेपी तशाच ठेवा, किस किंवा तुकडे करून ठेवले की ओल शोषणारा पृष्ठभाग वाढतो. प्रत्येक ढेप बटर पेपरमध्ये गुंडाळा, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पिंपात तांदळात पुरून ठेवण्याची पद्धत वाईट नाही, तांदूळ थोडी ओल ओढतात, पण तांदळाला किडे लागले की दोन्ही जातात. फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, रंग तिथे हळू बदलतो. फक्त बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. थंड ढेपीवर हवेतलं पाणी दवासारखं जमतं आणि तिथूनच नासाडी सुरू होते. डबा बंद ठेवून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

ढेपीवर पांढरं दिसलं तर फेकण्याआधी बोटानं चोळा. रवाळ लागून बोटावर विरघळलं, तर ती साखर पुन्हा दाणा धरून वर आली आहे, गूळ खाण्यासारखा आहे. कापसासारखं लागून बोटाला चिकटलं आणि कुबट वास आला तर ती बुरशी. वरचा थर खरवडून भागत नाही, कारण ओलसर गुळात तिचे धागे आत गेलेले असतात. पाझरून आलेल्या काळ्या पाकाला दारूसारखा आंबूस वास येत असेल तर यीस्ट लागलं आहे, तो गूळ जनावरालाही घालू नका. वास स्वच्छ असेल तर तोच पाक पातेल्यात घेऊन उकळी आणा, गाळा आणि आठ दिवसांत काकवीसारखा भाकरीबरोबर संपवून टाका.